राहिलेली पाच मिनिटं

मी कन्नडला ड्रिल मास्तर होतो. आमच्या शाळेत गणिताचे गुरुजी पोरांना मारायचे, मराठीचे रडवायचे आणि मी पळवायचो. माझा राग नाकावर असतो हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, त्यामुळं तो लपवायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. हेडमास्तरांशी भांडलो, एसटीच्या कंडक्टरांशी भांडलो, सासऱ्यांशी तर लग्नाच्या मांडवातच भांडलो. पण एक माणूस मला असा भेटला की त्याच्यासमोर माझा राग आपला आपण खाली बसला. तो मला औरंगाबादेत आमखास मैदानावर भेटला, गळ्यात शिट्टी अडकवलेला.

कमरोद्दीन त्यांचं नाव. पोलीस ॲक्शनच्या आधी ते निजामाच्या फौजेत होते आणि फौजेच्या टीममधून फुटबॉल खेळायचे. फौज मोडली तसे घरी आले आणि एका उर्दू शाळेत पोरांना हिसाब शिकवायला लागले. मी पाहिलं तेव्हा त्यांची दाढी पांढरी झाली होती आणि गुडघे कुरकुरत होते. तरी शहरात पोरांची कुठलीही मॅच असली की रेफ्री म्हणून कमरोद्दीन मास्टरसाबच लागायचे. त्यांनी शिट्टी मारली की भांडायचं नाही, हे तिथल्या पोरांना आईच्या दुधाबरोबरच मिळालेलं होतं. मला मिळालेलं नव्हतं, कारण मी कन्नडचा.

त्या वर्षी रमजान भर हिवाळ्यात आला होता. शाळांच्या स्पर्धेची फायनल ईदच्या दुसऱ्या दिवशी ठेवली होती, आणि कन्नडची शाळा पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. पोचली ती एका पोराच्या हातांवर. त्याचं नाव कडूबा.

कडूबा आमचा गोलकीपर. लहानपणी त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. सावलीत त्याला बरं दिसायचं, पण ऊन समोरून आलं की तो डोळा गळायला लागायचा आणि त्याच्यापायी उजवाही मिटायचा. वर्गात फळा दिसत नाही म्हणून मागं बसायचा, आणि पोरं त्याला 'फुल्या' म्हणायची. त्याचा बाप पुंजाराम बाजारात हमाल. कलिंगडाचा ट्रक आला की हमालांची रांग लागते. वरचा माणूस 'घे' म्हणतो आणि फळ सोडतो, खालचा झेलतो, पुढच्याला 'घे' म्हणतो. कडूबा त्या रांगेत उभा राहूनच मोठा झाला. 'घे' हा शब्द कानावर पडला की त्याचे हात उघडायचे, आणि हातात आलेलं फळ त्यानं कधी फुटू दिलं नव्हतं. मी त्याला दोन खांबांच्या मध्ये उभं केलं. आमच्या पोरांना सांगितलं की बॉल त्याच्याकडं निघाला की 'घे' म्हणायचं. त्या दोन खांबांच्या मध्ये त्याला कुणी फुल्या म्हणत नव्हतं.

शाळा कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब यांना मात्र हे पसंत नव्हतं. फायनलच्या आदल्या दिवशी शाळेच्या ओट्यावर, पोरांच्या देखत, ते मला म्हणाले, "मास्तर, डोळ्यानं अधू पोरगं गोलात उभं करता. तालुक्यात दुसरं नाय का? शहरात हसं होईल आपलं."

"त्याच्यासारखे हात दुसऱ्याला नायत," मी म्हणालो.

"ठीक हाये. उद्या मी सोता येतो बघायला. हरलात, तर हे पोरगं पुन्हा गोलात दिसणार नाय. आत्ताच सांगून ठेवतो."

कडूबा तिथंच उभा होता. तो खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी आधीच बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं आणि नानासाहेब जीपनं शहरात आलो. मैदानाभोवती नव्या कपड्यांतली गर्दी होती, अत्तराचा वास होता, कुणीतरी आमच्या पोरांनाही शीरखुर्मा पाजला. मॅचच्या आधी कमरोद्दीन मास्टरसाबांनी दोन्ही टीम रांगेत उभ्या केल्या. प्रत्येक पोराची नखं बघितली, बुटांचे तळवे बघितले. कडूबासमोर ते जरा जास्त थांबले, त्याची हनुवटी वर करून चेहरा पाहिला आणि पुढं गेले. मला ते खटकलं. आता हाही त्याच्या डोळ्यावरून काहीतरी काढणार, असं वाटून मी भांडायची तयारी करून ठेवली.

टॉस शहराच्या पोरांनी जिंकला. त्यांचा कोच अन्सार हुशार माणूस. त्याच्या सांगण्यावरून त्यांनी पहिल्या हाफला उन्हाकडं तोंड करायचं पत्करलं. सूर्य तेव्हा अजून डोळ्यांच्या रेषेच्या बराच वर होता. दुसऱ्या हाफला सूर्य पडेगावच्या अंगाला उतरणार, अगदी डोळ्यांच्या रेषेत येणार, आणि तेव्हा त्याच्यासमोर आमचा गोलकीपर उभा राहणार. अन्सारला कडूबाच्या डोळ्याचं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पण पहिल्या हाफला सूर्य कडूबाच्या पाठीशी होता, आणि त्या पोरानं कमाल केली. बॉल येईल तिकडं त्याचे हात हजर. आमचा कॅप्टन कारभारी, उसाच्या कांडक्यासारखा बारीक पोरगा, त्यानं मध्येच एक गोल मारला. नानासाहेबांनी चक्क टाळी वाजवली. पुढं असल्यावर वेळ कशी जाते ते कळत नाही. शिट्टी वाजली, हाफटाइम झाला, आमची पोरं लिंबाच्या झाडाखाली आडवी झाली. कुणी बूट काढले, कुणी संत्री सोलायला घेतली.

मास्टरसाब आमच्याच जवळ, एका खुर्चीवर बसले होते. कुणीतरी त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. त्यांनी तो ओठापाशी नेला आणि हात तिथंच थांबला.

आजूबाजूचे हसले. "मास्टरसाब, ईद हो गई कल. पी लो," कुणीतरी म्हणालं. महिनाभर दिवसा पाणी शिवलं नव्हतं, तो हात सवयीनं थांबला असं आम्हाला वाटलं. त्यांनाही आधी तसंच वाटलं असावं, कारण ते थोडे हसले. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

आता हे समजायला शहराचा एक रिवाज सांगावा लागेल. रमजानात तिथली पोरं असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की खेळायला उतरत आणि इफ्तारीच्या आधी घरी जात. रोज्याच्या पोटी अख्खा हाफ झेपत नाही, म्हणून त्या महिन्यात तीस मिनिटांचा हाफ पंचवीसचा करायचा, हे जुनं चालत आलेलं. मास्टरसाबांनी महिनाभर रोज पंचविसाव्या मिनिटाला शिट्टी मारली होती. आजही सवयीनं तशीच मारली होती. आणि महिनाभर त्याच शिट्टीवर खेळ थांबलेला बघणाऱ्या त्या सगळ्या गर्दीलाही हाफ अगदी वेळेवर झाला असंच वाटलं होतं. एकाही माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. मास्टरसाब गप्प बसले असते तर आज हे सांगायला कुणी नसतं, मी सुद्धा नाही.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले, मैदानाच्या मधोमध गेले आणि दोन्ही कॅप्टनांना, मला, अन्सारला हाक मारली. मग सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पहिला हाफ पाच मिनिटं कमी झाला आहे. गलती मेरी है. टीम परत बोलवा, पाच मिनिटं खेळायची राहिली आहेत. जो ज्या बाजूला होता त्याच बाजूला."

गर्दीत हशा पिकला. "रमजान संपला, पन मास्टरसाबचा नाय संपला," कुणीतरी ओरडलं. कारभारीच्या तोंडात संत्र्याची फोड होती, ती त्याला गिळावी की थुंकावी कळेना.

मी भडकलो. एका गोलानं पुढं असलेली, बूट काढून लोळत असलेली पोरं परत उठवायची? "ह्याला काय अर्थ हाये?" मी म्हणालो. "तुमच्या चुकीपायी माझी पोरं का पळवायची? ती पाच मिनिटं शेवटी जोडा की. दुसरा हाफ पस्तीसचा करा."

अन्सारनं लगेच मान डोलावली. "बराबर बोल रहे गुरुजी. बाद में मिला देंगे, सर. सब राजी हैं."

तोवर नानासाहेबही धोतर सावरत मध्ये आले होते. "शेवटी जोडा, मास्टरसाब. हिशोब बराबर होतो," ते म्हणाले.

आम्ही सगळे एकमतानं बोलत होतो. तालुका आणि शहर इतक्या एकमतानं पुन्हा कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मास्टरसाबांनी सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळले.

"गुरुजी, मी हिसाबच शिकवतो. कागदावर पाच आणि पाच सारखेच. इथं सारखे नाहीत. बघा जरा." त्यांनी आधी सूर्याकडं बोट केलं, मग लिंबाखाली. तिथं कडूबा एकटा बसला होता. सावलीत बसूनही त्यानं कपाळावर हात धरला होता आणि सदऱ्याच्या बाहीनं डावा डोळा टिपत होता. "ते पोर आता तिकडच्या गोलात उभं राहणार. त्याला पाच मिनिटं जास्त उभं करू? चूक माझी, आणि ऊन त्याच्या डोळ्यात?"

त्या पोराचा डोळा मला तीन वर्षांपासून माहीत होता, आणि वेळेचा विचार करताना तो माझ्या डोक्यातही आला नव्हता.

"त्याच्या वाट्याचं त्यानं उभं राहावं," मास्टरसाब म्हणाले. "माझ्या वाट्याचं नको." आणि ते चालू लागले.

पुढं जे झालं ते मी आजवर कितीदा सांगितलंय. ते मैदानाच्या डाव्या कडेला गेले, खाली पाहत चार पावलं मागं आले आणि बुटाची टाच मातीत रोवली. "शिट्टीला बॉल इथं होता." मग त्यांनी मान वर केली. "बेटा कारभारी, तू इथं, बॉलच्या उजव्या हाताला. तू लांब, कोपऱ्यात. तू धावत येत होतास, त्या खड्ड्यापाशी." ते एकेका पोराला जागा दाखवत गेले आणि पोरं निमूटपणे त्या जागांवर जाऊन उभी राहिली. कुणी म्हणालं नाही की मी तिथं नव्हतो. गर्दीचा हशा विरला. गेलेली वेळ गेली असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. मी त्या दिवशी एक म्हातारा माणूस गेलेली वेळ मैदानावर परत आणून मांडताना पाहिला, आणि ती वेळ त्याचं ऐकत होती.

कडूबा पडेगावकडच्या गोलात, सूर्याकडं पाठ करून उभा राहिला. मास्टरसाबांनी बॉल हातातून खाली सोडला आणि खेळ सुरू झाला.

त्या पाच मिनिटांत आमच्यावर गोल झाला. कडूबानं पहिला बॉल झेलला, दुसरा ढकलला, तिसरा आमच्याच पोराच्या गुडघ्याला लागून दिशा बदलून आत गेला. त्याला दिसत होतं, पण असल्या बॉलला कुणीच काही करू शकत नाही. शहराची गर्दी नाचायला लागली. नानासाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "घ्या. तुमच्या मास्टरसाबनं दिलं." माझा संताप पुन्हा वर आला होता, पण तो कुणावर काढायचा ते मला ठरवता येईना. ज्यानं आमचं पोर उन्हातून वाचवलं त्याच्याच हातानं आमच्यावर गोल झाला होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच न्यायानं झाल्या होत्या.

दुसरा हाफ सुरू झाला आणि कडूबा सूर्यासमोर गेला.

सुरुवातीला तो हाताची सावली करून बघत होता. नंतर त्यानं ते सोडून दिलं, कारण दोन्ही हात मोकळे लागत होते. सूर्य उतरत गेला तशी त्याची मान खाली जात गेली. आमची पोरं समजली. बॉल गोलाकडं निघाला की कुणीतरी ओरडायचं, "कडूबा, उजवीकडं, घे." आणि त्याचे हात उघडायचे. बॉल येऊन छातीशी चिकटायचा. एकदा, दोनदा, मग मी मोजायचं सोडलं. अन्सार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "क्या हात हैं, गुरुजी," तो म्हणाला. त्याला वाटलं पोरगं बघून झेलतंय.

शेवटी शेवटी खेळ सगळा आमच्याच गोलासमोर चालला होता. सूर्य इतका खाली आला की आम्हालाही तिकडं बघवेना. शहराची गर्दी ओरडायला लागली, "मास्टरसाब, पाँच मिनट और. पाँच मिनट." त्यांना ठाऊक होतं की आणखी थोडा वेळ मिळाला तर गोल होणार. मलाही ठाऊक होतं. माझ्याच तोंडून निघालेली ती पाच मिनिटं आता माझ्या छातीवर बसली होती. शेवटी जोडा, असं मीच म्हणालो होतो. माझं ऐकलं असतं तर ते पोर अजून तिथंच उभं राहिलं असतं.

बॉल कडेच्या बाहेर गेला आणि मास्टरसाबांनी घड्याळ पाहून शिट्टी मारली. मॅच संपली होती. एक-एक, बरोबरी. सूर्य बुडायला आला होता, मगरिबची अजान होणार होती, म्हणून जादा खेळ नाही. शील्ड सहा महिने शहराकडं आणि सहा महिने कन्नडला, असं तिथल्या तिथं ठरलं. नानासाहेब शील्डच्या टेबलाकडं निघाले, दोन पावलं गेल्यावर थांबले. "हरलो नाय ना, मास्तर?" त्यांनी विचारलं.

"नाय हरलो."

"मग राहू द्या पोराला." आणि ते शील्ड जवळून बघायला गेले. सगळेच तिकडं गेले.

मी कडूबाला ही बातमी सांगायला वळलो. तो अजून गोलातच होता. गुडघे वाकवून, हात पुढं करून, तोंड सूर्याकडं. ती शिट्टी कडेच्या बॉलची आहे असं त्याला वाटलं होतं. शहराच्या एका पोरानं जाता जाता बॉल त्याच्याकडं ढकलला, द्यायला म्हणून, अगदी हळू. बॉल घरंगळत त्याच्या पायाजवळून गेला आणि मागं जाळीला टेकला. कडूबा हललासुद्धा नाही. तो तसाच उभा होता, वाट बघत.

त्याला काहीच दिसत नव्हतं. किती वेळापासून दिसत नव्हतं कोण जाणे.

मास्टरसाबांनी ते पाहिलं होतं. ते शील्डकडं गेले नाहीत. कुरकुरते गुडघे घेऊन गोलात गेले, जाळीतून बॉल काढला आणि कडूबाच्या समोर, सूर्याच्या आणि त्याच्या बरोबर मध्ये, येऊन उभे राहिले. त्यांची सावली त्याच्या चेहऱ्यावर पडली. समोर कुणीतरी आहे एवढं त्याला कळलं. पाणी गळणारे डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं विचारलं, "सर, अजून किती हाये?"

"संपलं, बेटा," मास्टरसाब म्हणाले. "तुझं सगळं उभं राहून झालं."

कडूबाचे हात तरी पुढंच होते. दुसऱ्या हाफभर आमची पोरं काय ओरडत होती, ते मास्टरसाबांनी ऐकलेलं होतं. ते जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "घे."

डोळ्यांच्या आधी हात उघडले.